ॲझ्युअर एसक्यूएल डेटाबेस : लॉगिनच्या उंबरठ्यावरून एक परीक्षण

मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युअर एसक्यूएल डेटाबेस या क्लाउडमधल्या डेटाबेस सेवेवरची बहुतेक परीक्षणे वेग, किंमत आणि बॅकअप यांच्यातच रमतात. मी त्या तिन्ही विषयांना येथे जवळजवळ हात लावणार नाही. नव्या टीमचे पहिले काही दिवस ज्यात जातात ती गोष्ट निराळीच असते. डेटाबेस तयार झालेला असतो, ॲझ्युअरच्या वेब पोर्टलवर तो ऑनलाइन दिसत असतो, बिलही सुरू झालेले असते आणि तरीही एसएसएमएस (एसक्यूएल सर्व्हर मॅनेजमेंट स्टुडिओ हे डेटाबेस हाताळण्याचे टूल), व्हीएस कोड हा कोड एडिटर किंवा आपले स्वतःचे ॲप्लिकेशन ‘लॉगिन फेल्ड’ एवढेच सांगून हात वर करते. माझे मत आधीच सांगून टाकतो. सेवा म्हणून हे उत्पादन भक्कम आहे, पण दारात अडलेल्या माणसाला आपण नेमके कुठे अडलो हे सांगण्यात ते कंजूष आहे. हा कंजूषपणा काही ठिकाणी सुरक्षेसाठी मुद्दाम केलेला आहे, तर काही ठिकाणी तो निव्वळ गैरसोयीचा आहे. जो डेव्हलपर संदेशाच्या मजकुराआधी एररचा क्रमांक वाचतो, त्याला ही सेवा फारशी छळत नाही. जो केवळ मजकूर वाचून पासवर्ड पुन्हा पुन्हा टाइप करत बसतो, त्याचा दिवस मात्र वाया जातो.

निदान करण्यापूर्वी वाटेतले टप्पे माहीत असावे लागतात. पोर्टलवर ज्याला ‘सर्व्हर’ म्हटले जाते ते खरे तर कोणतेही यंत्र नसते. तो केवळ एक तार्किक सर्व्हर, म्हणजे नाव, ॲडमिन आणि फायरवॉलचे नियम (कोणत्या आयपी पत्त्यांना आत येऊ द्यायचे ते) यांची एक मोट असते. आपले टूल टीसीपी पोर्ट १४३३ वरून आधी सर्व्हर ज्या प्रदेशात (डेटासेंटरच्या ठिकाणी) ठेवला आहे तिथल्या गेटवेपाशी, म्हणजे प्रवेशद्वारापाशी, पोहोचते. तेथे सर्व्हरचे नाव आणि फायरवॉल तपासले जातात, मग ओळख पटवली जाते आणि शेवटी मागितलेला डेटाबेस उघडण्याचा हक्क पाहिला जातो. यांपैकी कोणत्याही टप्प्यावर पाऊल अडखळले तरी समोर येणाऱ्या चौकटीत ‘लॉगिन’ हा शब्द बहुतेकदा असतो. पुण्याच्या कार्यालयात बसून जो ‘सेंट्रल इंडिया’ हा प्रदेश निवडतो, त्याचा डेटाबेस प्रत्यक्षात पुण्यातच असतो. तरीही हे सारे टप्पे त्याला चुकत नाहीत, त्यामुळे जवळ असल्याने लॉगिन सोपे होईल अशी आशा कोणी बाळगू नये.

पहिला अडथळा फायरवॉलचा असतो आणि या टप्प्याबाबत मी सेवेला चांगले गुण देईन. क्रमांक ४०६१५ चा संदेश बऱ्यापैकी प्रामाणिक आहे. कोणता सर्व्हर, कोणता आयपी पत्ता आणि कशामुळे नकार मिळाला, हे तो स्पष्ट सांगतो आणि नियम लागू व्हायला पाच मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो हेही बजावतो. संदेशातला आयपी पत्ता हा सर्व्हरला दिसणारा पत्ता असतो. आपल्या लॅपटॉपवर ‘आयपीकॉन्फिग’ चालवून मिळणाऱ्या १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या घरगुती पत्त्याशी त्याचा काही संबंध नसतो, म्हणून नियमात संदेशातलाच पत्ता भरावा. घरच्या ब्रॉडबँडवर किंवा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्यांचा हा पत्ता बदलत राहतो आणि काल चाललेले कनेक्शन आज बंद पडते. अशा वेळी ‘काहीही बदललेले नाही’ अशी तक्रार आली, तर बदललेली गोष्ट म्हणजे आयपी पत्ता, असे समजून सुरुवात करायला हरकत नाही. एसएसएमएस अशा वेळी स्वतःच नवा नियम घालण्याची खिडकी उघडते आणि एकच पत्ता की संपूर्ण पट्टा असे विचारते. ही सोय खरोखर चांगली आहे, मात्र नियम घालण्याचा अधिकार असलेल्या ॲझ्युअर खात्याने तेथे साइन-इन करावे लागते. कंत्राटी डेव्हलपरकडे तो अधिकार सहसा नसतो, आणि मग ही खिडकी केवळ शोभेची ठरते.

पोर्टलवर फायरवॉलचे नियम असलेल्या पानावर ‘ॲझ्युअर सर्व्हिसेसना परवानगी द्या’ अशा अर्थाचा एक चेकबॉक्स आहे आणि त्याच्याविषयी माझे मत अजिबात चांगले नाही. तो टिक केला की आरंभ आणि शेवट दोन्ही ०.०.०.० असलेला एक नियम तयार होतो. त्यामुळे फक्त आपल्याच नव्हे, तर ॲझ्युअरवरच्या इतर ग्राहकांच्या सबस्क्रिप्शनमधून (ॲझ्युअरवरच्या बिलिंग खात्यांमधून) येणाऱ्या कनेक्शनलाही फायरवॉल अडवत नाही. त्यापुढे पासवर्ड लागतोच, हे खरे आहे. तरी ‘चालत नाही ना, मग तो टिक करून बघ’ हा सल्ला जितक्या सहजपणे दिला जातो, तितका तो निरुपद्रवी नाही.

मोठ्या संस्थांत सार्वजनिक मार्ग मुळातच बंद ठेवलेला असतो. तेव्हा क्रमांक ४७०७३ येतो आणि प्रायव्हेट एंडपॉइंट, म्हणजे संस्थेच्या खासगी नेटवर्कमधला प्रवेशाचा पत्ता, वापरण्यास सांगितले जाते. तेथे व्हीपीएन सुरू असणे पुरेसे नसते. आपल्या यंत्रावर सर्व्हरचे नाव खासगी पत्त्यात रूपांतरित होते की सार्वजनिक, हे ‘एनएसलुकअप’ या आज्ञेने पाहून घ्यावे लागते. काही जण यावर तोडगा म्हणून थेट खासगी आयपी पत्ता किंवा नावात ‘प्रायव्हेटलिंक’ असलेला लांबलचक पत्ता टूलमध्ये भरतात. तसे लॉगिन मुद्दामच नाकारले जाते, कारण गेटवेला सर्व्हरचे मूळ नाव हवे असते. टूलमध्ये नेहमीचेच नाव भरायचे आणि दुरुस्ती डीएनएसमध्ये (नावाचे आयपी पत्त्यात रूपांतर करणाऱ्या यंत्रणेत) करायची, हा तेथला सरळ मार्ग आहे.

आता ज्याच्यामुळे हे परीक्षण लिहावेसे वाटले त्या क्रमांकाकडे, म्हणजे १८४५६ कडे वळतो. ‘लॉगिन फेल्ड फॉर युजर’ एवढेच सांगणारा हा संदेश एसक्यूएल सर्व्हरवर काम करणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेला असतो. त्याच्यासोबत ‘स्टेट’ नावाचा एक आकडाही येतो. स्वतःच्या कार्यालयातल्या एसक्यूएल सर्व्हरवर क्लायंटला तो आकडा १ असाच दाखवला जातो आणि खरे कारण सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये लिहिले जाते. तेथे ५ म्हणजे असे लॉगिनच अस्तित्वात नाही, ८ म्हणजे पासवर्ड जुळत नाही आणि १८ म्हणजे पासवर्ड बदलणे बंधनकारक आहे. अनोळखी माणसाला ‘नाव बरोबर आहे, फक्त पासवर्ड चुकला’ असे सांगणे म्हणजे चोराला अर्धी किल्ली देणे, त्यामुळे या मौनाबद्दल तक्रार करता येत नाही. माझी तक्रार पुढची आहे. क्लाउडमध्ये ती एरर लॉगची फाइल ग्राहकाच्या हाती नसते. तिच्या जागी मास्टर या सर्व्हरच्या मुख्य डेटाबेसमधला ‘सिस डॉट इव्हेंट लॉग’ हा व्ह्यू आणि आधीच सुरू करून ठेवलेले ऑडिटिंग (घडामोडींची नोंद) एवढेच उरते. त्या व्ह्यूमध्ये फायरवॉलने अडवले, लॉगिनचे नाव चुकीचे होते, डेटाबेस उघडता आला नाही अशी कारणे वेगवेगळी नोंदलेली असतात आणि ती उपयोगी आहेत. परंतु त्या नोंदी तत्काळ दिसतील याची हमी नाही आणि तो व्ह्यू पाहायला मास्टरमध्ये शिरण्याइतके हक्क लागतात. थोडक्यात, ज्याला लॉगिन करता येत नाही त्याच्याच हाती निदानाचे साधन नसते. ऑडिटिंग पहिल्याच दिवशी, म्हणजे अडचण येण्याआधी सुरू करून ठेवावे, एवढाच त्यावर उपाय आहे.

१८४५६ मागे दडलेल्या कारणांत सर्वाधिक वेळ खाणारे कारण पासवर्डचे नसतेच. एसक्यूएल सर्व्हरवर वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसाला एका सवयीने येथे दगा दिला जातो. जुन्या पद्धतीत लॉगिन सर्व्हरपातळीवर असते आणि युजर डेटाबेसपातळीवर. ॲझ्युअरमध्ये मात्र डेटाबेसच्या आतच पासवर्डसह युजर तयार करण्याची पद्धत रूढ आहे, ज्याला कंटेन्ड युजर म्हणतात. अशा युजरची मास्टरमध्ये कोणतीही नोंद नसते. टूलमध्ये डेटाबेसचे नाव न भरता ‘डिफॉल्ट’ तसेच ठेवले, की टूल मास्टरकडे जाते. मास्टर त्या युजरला ओळखत नाही आणि अगदी बरोबर पासवर्ड असूनही नकार मिळतो. एसएसएमएसमध्ये डेटाबेसच्या नावाची ती चौकट लॉगिनच्या मुख्य पटलावर नसून कनेक्शनच्या पुढच्या पर्यायांमध्ये ठेवण्याची परंपरा बरीच वर्षे होती, त्यामुळे तिकडे लक्ष जाण्याचे कारणच नसे. शिवाय तेथली ड्रॉपडाउन यादी उघडायचा प्रयत्न केला तर ती यादी मिळवण्यासाठी टूल पुन्हा मास्टरकडेच जाते आणि पुन्हा तोच नकार मिळतो. नाव हाताने टाइप करणे हाच तेथे खरा उपाय आहे. क्रमांक ४०६० आला तर गोष्ट थोडी वेगळी असते. तेथे ओळख पटलेली असते, पण मागितलेला डेटाबेस त्या नावाचा नसतो किंवा त्या लॉगिनला त्यात युजर दिलेला नसतो. संदेशाच्या शेवटी तेथेही ‘लॉगिन फेल्ड’ असे येतेच, आणि वाचणारा नेमके तेवढेच वाचतो.

पासवर्डचा प्रश्न खरोखर असतो तेव्हा तो बहुधा चिन्हांचा असतो. पासवर्डात अर्धविराम आला आणि कनेक्शन स्ट्रिंगमध्ये (जोडणीचा तपशील देणाऱ्या ओळीत) तो अवतरणात घातला नाही, तर स्ट्रिंग तेथेच तुटते. पायथनच्या एसक्यूएलअल्केमी या लायब्ररीत यूआरएलच्या रूपात पत्ता देताना ‘@’ हे चिन्ह एन्कोड केले नाही, तर त्याच्यानंतरचा भाग सर्व्हरचे नाव समजला जाण्याची शक्यता असते. लिनक्सच्या शेलमध्ये दुहेरी अवतरणात ‘$’ असेल तर पुढचा शब्द व्हेरिएबल मानला जाऊन गायब होतो. त्यामुळे एसएसएमएसमध्ये चालणारा पासवर्ड कमांड लाइनवर किंवा डिप्लॉयमेंटच्या पाइपलाइनमध्ये चालत नाही आणि दोष मात्र क्लाउडला दिला जातो. माझ्या पाहण्यातल्या एका संस्थेत यावर नेटवर्क विभाग, डेटाबेस विभाग आणि डेव्हलपर यांच्यात ईमेलची लांबलचक साखळी झाली होती आणि शेवटी दोषी ठरले ते एक ‘$’ चिन्ह. संशय आल्यास केवळ अक्षरे आणि अंक असलेला, पण पुरेसा लांब पासवर्ड घेऊन एकदा चाचणी करावी. चाचणी यशस्वी झाली तर सर्व्हरकडे बोट दाखवण्याचे कारण उरत नाही.

पासवर्डच नको म्हणून मायक्रोसॉफ्ट ज्या मार्गाचा आग्रह धरते, तो म्हणजे एन्ट्रा आयडी, ही त्यांची ओळख पडताळणारी सेवा. २०२३ पर्यंत याचेच नाव ॲझ्युअर ॲक्टिव्ह डिरेक्टरी होते आणि ड्रायव्हरच्या (ॲप्लिकेशनला डेटाबेसशी जोडणाऱ्या घटकाच्या) कनेक्शन स्ट्रिंगमध्ये आजही ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी’ असेच शब्द लिहावे लागतात. नव्या माणसाचा पहिला गोंधळ येथेच होतो. हा मार्ग सुरक्षित आहे आणि मी तोच वापरण्याची शिफारस करेन, पण त्याची रचना समजून न घेता शिरणाऱ्याला तो बराच फिरवतो. सबस्क्रिप्शनचा ‘ओनर’ असलेल्या व्यक्तीला डेटाबेसमधला एक टेबलसुद्धा आपोआप वाचता येत नाही, हे पटायला वेळ लागतो. पोर्टलवरचे हक्क सेवा चालवण्यासाठी असतात आणि डेटाबेसच्या आतले हक्क डेटाबेसमध्येच द्यावे लागतात. त्यासाठी सर्व्हरवर आधी एन्ट्राचा एक ॲडमिन नेमावा लागतो, त्या ॲडमिनने एन्ट्राच्याच ओळखीने आत जावे लागते आणि ‘क्रिएट युजर … फ्रॉम एक्स्टर्नल प्रोव्हायडर’ ही आज्ञा मास्टरमध्ये नव्हे तर संबंधित डेटाबेसमध्ये चालवावी लागते. ॲडमिन म्हणून एकच नोंद करता येते, पण ती एखाद्या गटाची असू शकते. एका माणसाच्या नावाने ती करून तो माणूस नोकरी सोडून गेल्यावर हळहळण्यापेक्षा गट नेमणे केव्हाही शहाणपणाचे.

यातली एखादी पायरी राहिली तर जो संदेश येतो त्यात युजरच्या नावाच्या जागी ‘टोकन-आयडेंटिफाइड प्रिन्सिपल’ असे शब्द असतात. इतका निरुपयोगी संदेश या संपूर्ण सेवेत दुसरा नसावा. टोकन (ओळखीचा डिजिटल पुरावा) मिळाले, म्हणजे ओळख एन्ट्राने मान्य केली, पण त्या ओळखीचा युजर डेटाबेसमध्ये सापडला नाही, असा त्याचा बहुतेक वेळा अर्थ असतो. कोणाचे टोकन आले होते हे मात्र तो सांगत नाही आणि नेमकी तीच माहिती हवी असते. कारण ‘ॲक्टिव्ह डिरेक्टरी डिफॉल्ट’ ही पद्धत निवडली की ड्रायव्हर ओळख शोधत एका ठरलेल्या साखळीतून जातो. आधी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल पाहिले जातात, मग मॅनेज्ड आयडेंटिटी (ॲझ्युअरने ॲप्लिकेशनला दिलेली ओळख), त्यानंतर व्हिज्युअल स्टुडिओ आणि ॲझ्युअर सीएलआय हे कमांड लाइन टूल यांच्यातली साइन-इन केलेली खाती. एखाद्या जुन्या प्रकल्पासाठी यंत्रावर ठेवलेले क्लायंट आयडी आणि सीक्रेटचे व्हेरिएबल तसेच राहिले असतील, तर ड्रायव्हर मुकाट्याने तीच ओळख घेऊन जातो. डेव्हलपर मात्र आपण स्वतःच्याच नावाने जात आहोत अशा समजुतीत राहतो. व्हिज्युअल स्टुडिओत दोन खाती असतील तर कोणते खाते वापरायचे हे ‘ॲझ्युअर सर्व्हिस ऑथेंटिकेशन’ या पानावर ठरते, आणि दोन टेनंटमध्ये (वेगवेगळ्या संस्थांच्या एन्ट्रा डिरेक्टरींमध्ये) काम करणाऱ्याने ते पान पाठच करून ठेवावे. येथे निव्वळ अंदाज बांधण्यापेक्षा ‘एझेड अकाउंट शो’ ही ॲझ्युअर सीएलआयची आज्ञा चालवून सध्याचे खाते आणि टेनंट पाहणे अधिक फलदायी ठरते. युजरनाव आणि पासवर्ड देऊन एन्ट्राने जाण्याची जी जुनी पद्धत आहे, ती बहुघटक पडताळणी लागू असलेल्या खात्यावर चालत नाही, म्हणून तिच्या नादी लागू नये.

एक गोष्ट श्रेय म्हणून नोंदवतो. सर्व्हरवर ‘फक्त एन्ट्रा’ ही सेटिंग चालू असताना कोणी एसक्यूएल पासवर्डने आला, तर संदेशात तसे कारण चक्क लिहून येते. म्हणजे स्पष्ट बोलणे या सेवेला जमते.

टूल्सविषयी बोलायचे तर २०२५ मध्ये आलेली एसएसएमएसची २१ वी आवृत्ती व्हिज्युअल स्टुडिओ २०२२ च्या पायावर उभी असून ती ६४ बिटची आहे. विंडोजवर असाल आणि डेटाबेसची व्यवस्थाही पाहायची असेल तर एसएसएमएसला पर्याय नाही. मॅक किंवा लिनक्सवरच्या मंडळींना ॲझ्युअर डेटा स्टुडिओची सवय होती. परंतु मायक्रोसॉफ्टने फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच्या निवृत्तीची घोषणा करून २८ फेब्रुवारी २०२६ ही पाठबळाची शेवटची तारीख ठरवली आणि व्हीएस कोडच्या एमएसएसक्यूएल एक्स्टेंशनकडे जाण्यास सांगितले. जुन्या टूलला चिकटून राहून त्यातल्या साइन-इनच्या अडचणी सोडवत बसण्यात आता अर्थ नाही. एक्स्टेंशन लिहिण्यासाठी आणि क्वेरी चालवण्यासाठी छान आहे आणि फायरवॉलचा नियम घालण्याची विचारणा तेही करते. निदानासाठी मात्र माझी पसंती साध्या ‘एसक्यूएलसीएमडी’ या कमांड लाइन टूलला आहे. त्यात सर्व्हर, डेटाबेस, युजर आणि पद्धत हे सारे एका ओळीत उघड्यावर लिहावे लागते, मागचे जतन केलेले पासवर्ड आणि टोकन मध्ये लुडबुड करत नाहीत आणि एररचा क्रमांक जसाच्या तसा मिळतो. तेथे लॉगिन झाले आणि खिडकीच्या टूलमधून होत नसेल, तर दोष त्या टूलच्या जतन केलेल्या प्रोफाइलमध्ये शोधावा.

ड्रायव्हर बदलल्यावर अचानक सर्टिफिकेटची तक्रार सुरू होते, तेव्हा बहुतेक जण ‘ट्रस्ट सर्व्हर सर्टिफिकेट’ चालू करून मोकळे होतात. डॉट नेटच्या मायक्रोसॉफ्ट डॉट डेटा डॉट एसक्यूएलक्लायंटने ४.० पासून आणि ओडीबीसी ड्रायव्हरने १८ पासून एन्क्रिप्शन आपोआप चालू ठेवले आहे, म्हणून हा प्रकार वाढला. स्थानिक सर्व्हरवर ते समजण्यासारखे आहे. ॲझ्युअर एसक्यूएलचे सर्टिफिकेट मात्र मान्यताप्राप्त असते. तेथे सर्टिफिकेटची तक्रार आली तर पत्ता चुकीचा आहे किंवा कार्यालयाचा प्रॉक्सी मध्ये येतो आहे, असे समजून त्याचा शोध घ्यावा. तो पर्याय चालू करणे म्हणजे धोक्याची घंटा बंद करणे होय.

शिकणाऱ्यांसाठी या सेवेत एक मोफत योजना आहे, ज्यात प्रत्येक डेटाबेसला दरमहा १,००,००० व्हीकोअर सेकंद (प्रोसेसरच्या वापराचे एकक) आणि ३२ जीबी साठवण मिळते. विद्यार्थ्यांनी ती अवश्य घ्यावी, पण तिचा लॉगिनवर होणारा परिणाम लक्षात ठेवावा. ही योजना सर्व्हरलेस, म्हणजे वापरापुरतीच संगणनशक्ती देणाऱ्या प्रकारची असल्याने काही काळ वापर न झाल्यास डेटाबेस झोपी जातो. सकाळचे पहिले कनेक्शन क्रमांक ४०६१३ घेऊन परत येते आणि त्याच धक्क्याने डेटाबेस जागा होऊ लागतो. मिनिटभराने पुन्हा प्रयत्न केला की काम होते. ॲप्लिकेशनमध्ये ईएफ कोअर या डॉट नेटच्या डेटाबेस लायब्ररीचा ‘एनेबल रिट्राय ऑन फेल्युअर’ हा पर्याय नेमका अशाच वेळी उपयोगी पडतो. मोफत कोटा संपल्यावर डेटाबेस पुढच्या महिन्यापर्यंत थांबवावा असा पर्याय निवडला असेल, तर कितीही पुनर्प्रयत्न केले तरी तो उघडणार नाही. पोर्टलवर उरलेला कोटा दिसतो आणि तो आधी पाहावा. १८४५६ साठी पुनर्प्रयत्नाची आज्ञा लिहिण्यात मात्र काही हशील नाही, कारण चुकलेली ओळख थोड्या वेळाने आपोआप बरोबर होत नाही. अपवाद एवढाच, की पासवर्ड किंवा फायरवॉलचा नियम नुकताच बदलला असेल आणि जुनी माहिती कॅशमध्ये राहिली असेल. तेव्हा आधीपासून आत असलेल्या ॲडमिनने त्या डेटाबेसमध्ये ‘डीबीसीसी फ्लश ऑथ कॅश’ चालवून पाहावे.

इतके करूनही दार उघडले नाही तर सपोर्टकडे जावे लागते. तेथे ‘लॉगिन होत नाही’ असा स्क्रीनशॉट पाठवणाऱ्याला पहिले उत्तर प्रश्नावलीच्या रूपात येणार हे गृहीत धरावे. तिकिटातच एररचा क्रमांक व स्टेट, वेळ कोणत्या टाइमझोनची आहे ते, सर्व्हर आणि डेटाबेसचे पूर्ण नाव, ड्रायव्हरची आवृत्ती आणि डॉट नेटच्या एररमध्ये शेवटी येणारा ‘क्लायंट कनेक्शन आयडी’ लिहावा. तो लांबलचक आयडी बहुतेक जण कॉपी करताना गाळतात, पण सर्व्हरच्या बाजूने आपला नेमका प्रयत्न शोधून काढायला त्याचाच उपयोग होतो.